शेडकार्डातला पहिला रंग

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकटीच होते आणि मशीनशी भांडत होते. एकच नमुना तीनदा लावला, तिन्ही वेळा आकडे निराळे. रक्त तपासायच्या या नोकरीत मला वीस वर्षं झाली, मशीनवर ओरडून काही होत नाही हे मला चांगलं माहीत आहे, तरी मी ओरडते. तेवढ्यात फोन थरथरला. दादाने फोटो पाठवला होता.

फोटोत माझी भाची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी, डोळे मोठे उघडलेले, गालाला आमचं शेडकार्ड लावलेलं आणि दादाचं बोट कार्डाच्या पहिल्या पट्टीवर. खाली लिहिलं होतं, "एक. काकांनंतर पहिल्यांदाच. संध्याकाळी केक कापतोय, वेळेवर ये."

त्या कार्डाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर या आनंदाचा अर्थ कुणालाच लागणार नाही. आमच्या घराण्यात रक्ताचा एक आजार चालत आलाय. तांबड्या पेशी चपट्या असाव्या लागतात, आमच्या गोळीसारख्या गोल. अशा पेशी प्लीहेत अडकतात, लवकर फुटतात, आणि फुटलेल्या रक्ताचा पिवळेपणा डोळ्यांत उतरतो. आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना तो होता. दादाला आहे, मला आहे, दादाच्या लेकीला आहे. अण्णा रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायचे, आता दादा तेच करतो. भिंतीच्या रंगांचं एक जुनं कार्ड अण्णांनी घरी आणलं होतं. पांढऱ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत बारा पट्ट्या. दर रविवारी आम्हाला खिडकीत उभं करायचं, कार्ड गालाला लावायचं आणि डोळ्यांचा नंबर सांगायचा. मी साधारण सात, दादा आठ. भाची सहा ते नऊच्या मध्ये, परीक्षा आली की दहा. ताप आला, दगदग झाली की नंबर चढायचा आणि घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागायचे. उतरला की अण्णा शीळ घालत दुकानात जायचे.

पहिल्या पट्टीखाली मात्र अण्णांच्या हातचं पेन्सिलने लिहिलेलं एकच नाव होतं. धाकटा. ते आमचे काका. आम्ही जन्मायच्या आधीच, सतराव्या वर्षी गेले. ताप येऊन गेले, एवढंच आम्हाला ठाऊक. पण जाण्याआधी आठवडाभर त्यांचे डोळे अगदी लख्ख झाले होते म्हणे. अण्णा दर वेळी ती गोष्ट सांगताना शेवटी म्हणायचे, "बरा होऊन गेला पोरगा." या वाक्यावर आमचं घर पन्नास वर्षं उभं होतं. आपल्यातल्या एकाला जमलं, मग आपल्यालाही कधीतरी जमेल.

म्हणून फोटो बघितल्यावर क्षणभर मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग मी फोटो बोटांनी मोठा केला. डोळे खरंच स्वच्छ होते. पण ओठ कुठे गेले? ओठांचा आणि चेहऱ्याचा रंग एकच होता, आणि तो कार्डाच्या पहिल्या पट्टीसारखाच होता.

एकामागून एक गोष्टी आठवायला लागल्या, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर माझा स्वतःवरचा राग वाढत गेला. भाची बालवाडीत शिकवते. तिला घरी सगळे वावटळ म्हणतात, कारण ती एका जागी तीन मिनिटं बसत नाही. तीन आठवड्यांपूर्वी तिने मला वर्गातल्या पोरांचा फोटो पाठवला होता. सगळ्यांचे गाल लालबुंद. "आत्या, कुणीतरी माझ्या अख्ख्या वर्गाच्या थोबाडीत मारलीये." मी हसणारा चेहरा पाठवला होता. हसणारा चेहरा. पोरांच्या गालावर असा लाल रंग आणणारा विषाणू कुठला, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली बाई. मग मागच्या आठवड्यात तिला दोन दिवस ताप आला होता, आणि तो उतरला म्हणून मीच म्हणाले होते की सुटलीस.

मी दादाला फोन लावला.

"केक कुठला आणलास ते नंतर सांग," मी म्हणाले. "तिला आत्ताच्या आत्ता इकडे घेऊन ये."

"का? तू फोटो बघितलास ना?"

"बघितला म्हणूनच सांगतेय. तिचे ओठ बघ."

"अगं, खिडकीतला उजेड आहे तो. रंगातलं मला शिकवू नकोस."

"दादा, तिला दम लागतोय का?"

"थकलीये जरा. आठवडाभर शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तुझं आपलं नेहमीचं, चांगलं काही झालं की त्यात किडे शोधायचे."

मागून वहिनींचा आवाज आला, "ती काल जिन्यात बसली होती, ताई. तिसऱ्या पायरीवर. मी तिला कधी बसलेली पाहिलीच नाही."

"तू मध्ये बोलू नकोस," दादा म्हणाला. "तुझे डोळे जन्मापासून पांढरे, तुला काय कळतंय."

आमच्या घरातला हा जुना विनोद. पिवळ्यांच्या पक्षात वहिनींना मत नव्हतं. मी फोन ठेवला, मशीन तसंच सोडलं, दुसऱ्या पाळीच्या मुलीला लवकर बोलावून घेतलं आणि सुया-नळ्यांची पिशवी उचलून निघाले. वाटेत तीन सिग्नल लागले. तिन्ही सिग्नलना मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दार वहिनींनी उघडलं. टेबलावर केक, केकवर साखरेने काढलेला मोठा एकचा आकडा. वावटळ खुर्चीत बसून होती आणि मला बघून उठायला गेली, तर टेबलाला धरूनच उभी राहिली.

"आत्या, बघितलेस का डोळे? काल मी पहिल्यांदा गॉगल न लावता फोटो काढला."

तिच्या आवाजात नुसता आनंद होता. हिने शाळेचे सगळे फोटो खाली बघून काढलेत. मी तिचं मनगट धरलं. नाडी धावत होती. बसलेल्या माणसाची नाडी अशी धावत नाही.

"हात दे," मी म्हणाले आणि खिडकीपाशीच रक्त काढलं.

दादा बाजूला हाताची घडी घालून उभा होता, रागावलेला. नळी भरली तशी मी ती उजेडात धरली. तीस वर्षं रंगात रंग मिसळणाऱ्या माणसाने ती नळी बघितली आणि त्याच्या हाताची घडी सुटली. त्याने नळी माझ्या हातातून घेतली, तिरकी केली, काचेवरून ओघळणारं रक्त बघितलं.

"यात पाणी जास्त झालंय," तो हळूच म्हणाला.

मग त्याने गाडीची किल्ली घेतली आणि आम्ही तिला घेऊन माझ्या इस्पितळात गेलो. केक तसाच राहिला.

तासाभरात आकडे आले. हिमोग्लोबिन चार पूर्णांक एक. तिचं नेहमीचं दहा. त्यापेक्षा वाईट आकडा दुसरा होता. हाडांच्या पोकळीत मगज असतो, तांबड्या पेशी तिथे तयार होतात. तिथून नव्याने बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी निळं रंगद्रव्य घातलं की वेगळ्या ओळखता येतात, त्यांच्या पोटात निळ्या धाग्यांची जाळी दिसते. आमच्यासारख्यांच्या रक्तात अशा पेशी नेहमीच जास्त असतात, कारण मगज रात्रंदिवस राबत असतो. वावटळीच्या रक्तात हजार पेशींत एकही नव्हती.

रक्ताच्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी दादाला समोर बसवून सांगितलं. हा विषाणू लहान मुलांना गाल लाल करून सोडून देतो. पण तो जिथे शिरतो ती जागा म्हणजे हा मगजच. तिथे काम आठ-दहा दिवस ठप्प होतं. साध्या माणसाची तांबडी पेशी चार महिने टिकते, त्याला त्या आठ-दहा दिवसांचा पत्ताही लागत नाही. तुमच्या पेशी वीस-पंचवीस दिवसांत मोडतात. नवीन येणं थांबलं की शिल्लक भराभर संपते.

"पण मग डोळे?" दादाने विचारलं. "डोळे तर बरे झाले."

"पेशी फुटतात म्हणून डोळे पिवळे होतात. फुटायलाच पेशी उरल्या नाहीत, तर पिवळं येणार कुठून?"

दादा टेबलाच्या कडेवर बोटं मोजायला लागला. तो काय मोजत होता ते मला कळत होतं, कारण मीही तेच मोजत होते. पन्नास वर्षांपूर्वीचा एक आठवडा, सतरा वर्षांचा एक मुलगा, आणि लख्ख डोळे. आम्ही दोघांनीही ते नाव घेतलं नाही.

रक्ताची पहिली पिशवी हळूहळू चढवायला घेतली, घाई केली तर दमलेल्या हृदयाला झेपत नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, बाहेरचं रक्त म्हणजे फक्त उसना वेळ. विषाणूला हटवायचं काम तिच्या शरीरालाच करायचंय. शरीर त्याला ओळखेल, त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करेल, तेव्हाच मगज पुन्हा कामाला लागेल. तपासणीत विषाणू सापडला होता. अँटीबॉडी अजून नव्हत्या.

"लागतो ना पुन्हा कामाला?" वहिनींनी विचारलं.

"बहुतेक लागतोच."

त्या "बहुतेक"चा मला इतका राग आला की मी तिथून उठून माझ्या मजल्यावर निघून गेले. त्याआधी बाईंनी दादाचं आणि माझंही रक्त घ्यायला लावलं. आम्हा दोघांत जुन्या अँटीबॉडी निघाल्या. कधीतरी लहानपणी हा पाहुणा आमच्याकडेही येऊन गेला होता, कुणाला पत्ता न लागता. एकदा येऊन गेला की शरीर सहसा त्याला विसरत नाही. आम्ही दोघं वाचलो होतो ते निव्वळ नशिबाने.

आता खरी परीक्षा माझी होती. आमच्याकडे नियम आहे, नातेवाइकाचा नमुना आपण मोजायचा नाही. माणूस आशेने बघायला लागला की भिंगाखाली नसलेलंही दिसतं. नियम चांगला आहे. तो मीच नव्या मुलींना शिकवते. पण त्यामुळे वावटळीच्या रक्ताचा थेंब पसरलेली काच रोज सकाळी गेली ती माझ्या शेजारच्या सहकाऱ्याकडे, ज्याला अख्खी लॅब सावकाश म्हणते. हा माणूस चहाचा कपसुद्धा मोजून घोट घेत पितो.

आमचं पेशी मोजायचं हातयंत्र जुनं आहे. प्रत्येक पेशीला पहिली कळ दाबायची, ती "टक" वाजते. कोवळी जाळीदार पेशी दिसली की दुसरी कळही दाबायची. ती गंजलेली आहे, अडकत अडकत "खटॅक" वाजते. शंभर झाले की घंटी. मला काच बघायची परवानगी नव्हती, पण कान कोण बंद करणार? सोमवारी मी त्याच्याकडे पाठ करून बसले आणि ऐकत राहिले. टक टक टक टक, घंटी. टक टक टक टक, घंटी. दहा घंट्या झाल्या. दुसरी कळ एकदाही वाजली नाही.

मंगळवारी दहा घंट्या. दुसरी कळ नाही. मी त्याला म्हणाले, "नीट बघितलंस ना?" तो म्हणाला, "मी घाईत बघत असतो तर माझं नाव सावकाश पडलं असतं का?"

बुधवारी सकाळी डॉक्टर बाईंचा फोन आला. अँटीबॉडी दिसायला लागल्या होत्या. तिच्या शरीराने त्याला ओळखलं होतं, त्याच्यावर माणसं सोडली होती. मी तशीच जिन्याने वर गेले आणि वावटळीला सांगितलं. ती उशीला टेकून पडली होती, तिसरी पिशवी चालू होती. "म्हणजे माझी पोरं आत पोचली," ती म्हणाली. "आता आत जे बसलेत त्यांना हाकला म्हणावं." पण त्या दिवशीही दहा घंट्या झाल्या आणि दुसरी कळ गप्पच. संध्याकाळी दादा मला फाटकाशी भेटला. मी नुसती नकाराची मान हलवली. तो रंगाने माखलेले हात खिशात घालून चालत गेला, आणि एवढा मोठा माणूस मागून मला अण्णांसारखा म्हातारा दिसला.

गुरुवारी मी माझं काम समोर ठेवून बसले, पण एक अक्षर वाचलं असेल तर शपथ. सावकाशने काच पुसली. भिंग फिरवलं. चष्मा पुसला. पुन्हा काच पुसली. माझ्या कपाळाची शीर तडतडायला लागली. शेवटी टक. टक टक. पहिली घंटी. टक टक टक. दुसरी घंटी. तिसरी. मी मनात म्हणत होते, दाब रे, दाब, एकदा दाब. चौथी घंटी झाली. टक टक टक टक टक.

खटॅक.

मी गर्रकन वळले. सावकाशचा अंगठा दुसऱ्या कळीवर होता आणि तो स्वतःच भिंगात डोळा घालून स्तब्ध झाला होता.

"जाळी आहे?" मी विचारलं.

"थांब."

"अरे, जाळी आहे का?"

"थांब म्हटलं ना." त्याने काच जरा सरकवली. मग तो बाजूला झाला आणि पहिल्यांदाच नियम मोडून म्हणाला, "तू बघ. मी मॅडमना बोलावतो."

निळसर गोल पेशींच्या मध्ये एक पेशी होती, जरा मोठी, आणि तिच्या पोटात निळे धागे. कुणीतरी गुंता सोडवायला घेऊन अर्ध्यावर टाकलेला असावा तसे. वीस वर्षांत अशा लाखभर पेशी मी मोजल्या असतील. मी त्या एका पेशीकडे बघत रडले, आणि भिंग ओलं केल्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली.

त्या दिवशी हजारात तीन निघाल्या. लॅबच्या प्रमुख मॅडमनी स्वतः मोजून सही केली. मी जिना चढताना मध्ये दोनदा थांबले, कारण माझंही हिमोग्लोबिन काही धावायच्या लायकीचं नाही. वर पोचले तर दादा, वहिनी आणि वावटळ तिघं माझ्याकडे बघत होते, आणि मला दम लागल्यामुळे बोलताच येईना. मी तीन बोटं दाखवली.

"तीन काय?" दादा ओरडला. "तीन तास? तीन दिवस?"

"तीन पेशी," मी म्हणाले. "नव्या. तिच्या. ताज्या."

वहिनींनी लेकीचा हात घट्ट धरला. दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. वावटळ म्हणाली, "फक्त तीन? आत्या, एवढ्यावर रडतात का?" आणि मग ती स्वतःच रडायला लागली.

शुक्रवारी हजारात चाळीस. शनिवारी एकशे ऐंशी. त्या दिवशी दुसरी कळ अशी वाजत होती की ती शेवटी अडकलीच. सावकाशला तिच्यात तेल घालावं लागलं, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक काम घाईने केलं.

पुढच्या रविवारी सकाळी दादा वॉर्डात आला. काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं शेडकार्ड. वावटळ आता कॉटवर बसून पाय हलवत होती, तिला खिडकीशी नेलं. दादाने कार्ड तिच्या गालाला लावलं. त्याचं बोट पहिल्या पट्टीवरून निघालं, दुसरीवर थांबलं नाही, तिसरीवर थांबलं नाही.

"पाच," तो म्हणाला. "पाच. सहाकडे झुकतोय."

वहिनींनी लेकीला मिठीच मारली. मी टाळ्या वाजवल्या. गोळ्या द्यायला आलेली नर्स दारातच थांबली. आपल्या मुलीचे डोळे पिवळे झाले म्हणून नाचणारं कुटुंब तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

दादा मात्र अजून कार्डाकडेच बघत होता. पहिल्या पट्टीखालच्या पेन्सिलीच्या नावाकडे.

"बरा होऊन नव्हता गेला," तो म्हणाला. "त्याचं रक्त संपत होतं, आणि घरातले सगळे त्याचे डोळे बघून खूश होते. अण्णा मरेपर्यंत खूश होते."

"त्यांना कुणी सांगितलंच नाही, दादा."

"हो. आणि मी केक आणला."

त्याने खिशातून पेन्सिल काढली. दुकानात पाट्या लिहायचं त्याचं वळणदार अक्षर. धाकटा, या नावाखाली त्याने हळूहळू लिहिलं, "हा रंग दिसला तर थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा." मग त्याने ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि कार्ड वहिनींच्या हातात दिलं.

"यापुढे तू बघायचं," तो म्हणाला. "जिन्यातलं तुलाच दिसलं होतं."

वहिनींनी कार्ड घेतलं, उलटसुलट केलं. पंचवीस वर्षांत ते पहिल्यांदाच त्यांच्या हातात आलं होतं. वावटळीने आपणहून गाल पुढे केला आणि डोळे मोठे उघडले.

वहिनींनी कार्ड बाजूला कॉटवर ठेवलं. अंगठ्याने तिचा खालचा ओठ हळूच खाली ओढला आणि उजेडात नीट बघितला.

"आधी ओठ," त्या म्हणाल्या.